मामाच्या नावापुढचा शेरा

मला राग लवकर येतो आणि जायला वेळ लागतो. चुडाव्यात कुणालाही विचारा. वीस वर्षं शाळेत खेळाचा मास्तर म्हणून शिट्टी फुंकतोय, त्यामुळे माझं बोलणंही शिट्टीसारखंच झालंय, असं बायको म्हणते. म्हणू दे. पण हा जो किस्सा सांगतोय त्यात चूक माझी होती, हे आधीच कबूल करून टाकतो. तेव्हा कबूल करायला लय जड गेलं होतं.

गेल्या वर्षी पाऊस उघडला आणि गावच्या फुटबॉल टीमचा कप्तान घरी आला. रेल्वेत गँगमन असलेला सव्वीस वर्षांचा गडी, बोलायला गोड. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी स्पर्धा सुरू होणार होती आणि पहिली मॅच आमच्याच मैदानावर होती. खेळायला तेवीस जण तयार, घ्यायचे अठरा. दरवर्षी ही निवड पानटपरीवर व्हायची. ह्याचा चुलता तिथं उभा, त्याचा मेव्हणा बाकड्यावर बसलेला, मग नको कुणाला म्हणायचं?

"सर, तुमी कुणाचंच ऐकत न्हाईत," कप्तान म्हणाला. "म्हणून यंदा तुमीच निवडा."

ही तारीफ होती का टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही. मी हो म्हणालो.

मग काय! नवी वही आणली, पट्टीनं रकाने आखले. धाव, दम, पास, हेड, किक. प्रत्येकाला दहापैकी मार्क. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात एकच शब्द लिहायचा, 'घ्या' किंवा 'नको'. चुडाव्याच्या फुटबॉलमध्ये पहिल्यांदाच काहीतरी रीतीनं होणार, म्हणून मी स्वतःवरच खूश होतो.

आमचं मैदान म्हणजे टेशनच्या पलीकडचं गायरान. पावसाळ्यात तिथं गुडघ्याएवढं गवत होतं. ते काढायला आमच्याकडं मशीन नाही, मामाची मेंढरं आहेत. हा सगळ्या गावाचा मामा. वय बेचाळीस, आणि बावीस वर्षांपासून टीमचा स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या पुढं उभा राहून समोरून येणाऱ्याला अडवणारा. सकाळभर त्यानं मेंढरं मैदानावर चारायची आणि संध्याकाळी सगळ्यांनी खेळायचं. गवत असं बारीक व्हायचं की बघत राहावं. फक्त घसरून बॉल काढणाऱ्यानं आधी जरा खाली बघून घ्यायचं. एवढं करूनही पोरांच्या चड्ड्यांना लेंड्या लागायच्या आणि घरी आया ओरडायच्या.

पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना शंभर मीटर पळवलं. बाकीचे पोचले, दम खाल्ला, पाणी पिऊन बसले, तरी मामा यायलाच होता.

"मामा, मेंढरं हाकत यायलाव का?" पोरं ओरडली.

"पळून कुठं जायचंय रे? मैदान काय गाव सोडून चाललंय का?" मामा हसत हसत आला आणि पोरांच्यात जाऊन बसला.

मला असली मस्करी खपत नाही. धाव, दोन. दम, तीन. हेडला पाच दिले, कारण उंची होती. बेरीज केली तर मामा तेविसात बाविसावा. तेविसावा आला त्याचा पाय मुरगळलेला होता आणि तो नुसता बघायला आला होता.

मैदानातून परत निघालो तर मामा माझ्या बाजूनं चालायला लागला.

"सर, किती पडले?"

"मार्क सांगायचे नसतात."

"मंजी कमीच असतील," तो म्हणाला. "पर यंदाच्या साली ठिवा मला. पुढच्या साली तुमी म्हणायच्या आधी मीच बूट काढून ठिवतो."

मग त्यानं कारण सांगितलं. त्याची एकुलती एक लेक उन्हाळ्यात सेलूला दिली. माझीच विद्यार्थिनी, जिभेला हाड नसलेली. सासरी गेल्या गेल्या तिनं सांगून टाकलं की माझा बाप फुटबॉल खेळतो. कुणाला खरं वाटेना. जावई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तो म्हणाला, मामंजी मेंढरं राखतात हे ठाऊक हाय, हे फुटबॉल मधीच कुठून काढलंस? सासू तर शेजारणींना बोलावून सांगायची, ऐका गं, आमच्या व्याह्यांच्या गमती. आता पहिली दिवाळी होती. लेक-जावई दिवाळसणाला यायचे होते आणि लेकीनं हट्टानं ठरवलं होतं की भाऊबीज झाली तरी एक दिवस राहायचं आणि मॅच बघूनच जायचं.

"माझं काई न्हाई हो," मामा म्हणाला. "लेक खोटी पडाय नको, एवढंच."

"बघू," मी म्हणालो. "वहीत जे येईल ते येईल."

असं बोललो आणि वर मला बरंसुद्धा वाटलं. मी कुणाचं ऐकत नाही ना!

दुसऱ्या दिवशी सरावाची मॅच लावली. जास्त मार्कांचे अकरा एका बाजूला आणि उरलेसुरले मामासोबत दुसऱ्या बाजूला. गावच्या टीमचा खेळ मी तोवर कधी नीट बघितलाच नव्हता, म्हणून पाच-सहा गोल होतील असा माझा अंदाज होता. एकही झाला नाही. मी माझ्या हुशार पोरांवर असा तापलो की टेशनवरची माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. धावण्यात दहापैकी नऊ घेतलेला आमचा फॉरवर्ड बॉल घेऊन सुसाट निघायचा. मामा त्याच्या मागं लागायचाच नाही. तो चार पावलं चालायचा, एका जागी उभा राहायचा, आणि हा पठ्ठ्या बरोबर त्याच्याच पुढ्यात येऊन थडकायचा.

"आलास? बस आता," म्हणत मामा बॉल काढून घ्यायचा.

आणि तोंड कायम चालू. "डावीकडं सरक. तू थांब. येऊ दे त्येला. ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे!" हे 'ऱ्हाऊ दे' म्हणजे बॉलला हात-पाय लावू नको, तो आपोआप बाहेर चाललाय किंवा गोलकीपरच्या हातात चाललाय. आमच्या पोरांना प्रत्येक बॉलवर झडप घालायची खोड. मामानं हाळी दिली की ती जागच्या जागी थांबायची.

तिसऱ्या दिवशी बघावं म्हणून मामाला हुशारांच्या बाजूला दिलं. कालच्या त्या उरल्यासुरल्यांवर चार गोल चढले. चौथ्या दिवशी मामाला मेंढरं कातरायची होती, तो आलाच नाही. त्या दिवशी मैदानावर नुसता बाजार भरला! दोन्हीकडं गोलच गोल. एकाच बॉलवर गोलकीपर आणि बॅक दोघं धावले आणि कपाळाला कपाळ आपटून दोघं आडवे. जो तो दुसऱ्याला शिव्या घालायला लागला, आणि मी सगळ्यांना.

कप्तान घामाघूम होऊन माझ्या शेजारी टेकला. "सर, मामा नसला की आमी जास्त पळतो आन् कमी खेळतो."

दुसऱ्या दिवशी मामाला बाजूला घेतलं. म्हणलं, समोरचा कुठून येणार हे तुम्हाला आधी कसं कळतं?

"मेंढराच्या मागं पळलं की मेंढरू पांगतंय, सर. ते जिकडं वळणार हाय तिकडं आपुन आधी जाऊन उबं ऱ्हायचं. मग येतंय की आपसूक."

"पण वळणार कुठं, ते कसं कळायचं?"

"मानंकडं बघायचं. पाय फसवतेत, मान न्हाई फसवत."

बाजारात वांग्याचा भाव सांगावा तसं त्यानं हे सांगितलं आणि मेंढरांकडं निघून गेला. वीस वर्षं मी पुस्तकातून फुटबॉल शिकवला, पण असलं एक वाक्य मला कुठं सापडलं नव्हतं. लाज वाटली, आणि खरं सांगतो, आनंदही लय झाला. घरी जाताना वाटेत मीच दोन-तीन माणसांच्या माना निरखून बघितल्या. एकानं विचारलंही, सर, काय झालं?

यादी लिहायला बसलो तेव्हा मात्र माझ्यातला मास्तर आडवा आला. बाविसाव्या नंबरच्या माणसापुढं 'घ्या' कसं लिहायचं? त्याच्यापेक्षा जास्त मार्क असलेल्या चौघांपुढं तर 'नको' लिहिलं होतं. ते विचारणार, सर, मग तुमच्या मार्कांना काय अर्थ? माझी वही, माझे रकाने, सगळंच खोटं पडायला लागलं. बराच वेळ पेन चावलं. शेवटी एक सोयीचा शब्द सुचला. मामाच्या नावापुढं लिहिलं, 'राहू दे'. माझ्या डोक्यातला अर्थ असा की बावीस वर्षं आहे, तर राहू दे बापडा टीममध्ये. 'घ्या' म्हणायला नको, मार्क चुकले म्हणायला नको. वही टीमच्या सचिवाकडं दिली आणि आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला परभणीला निघून गेलो.

हा सचिव म्हणजे टेशनसमोरचा टेलर. स्पर्धेवाल्यांकडं यादी पाठवायचं कामही त्याचंच आणि जर्सी शिवायचंही.

आता तुम्हीच सांगा. कुणाच्या घरी गेलात, त्यांनी चहा ठेवू का विचारलं, तुम्ही म्हणालात राहू द्या. येतो का चहा? नाही येत. टेलरनं वही उघडली. मामाचे मार्क बघितले, पुढचा शेरा बघितला, राहू दे. त्यानं मामाला राहू दिलं, म्हणजे टीमच्या बाहेर. 'घ्या' सतराच निघाले. अठरावी जागा मोकळी दिसली, तर तिथं त्यानं स्वतःच्या भाच्याला बसवलं. भाचा कोण? तोच, मुरगळलेल्या पायाचा! अठरा जर्सी कापून, शिवून, इस्त्री करून तयार. आणि मामाला निरोप गेला की सरांनी लिहिलंय, राहू दे.

मला ह्यातलं काही माहीत नाही. परभणीहून आलो, थेट मैदान गाठलं. मामा नाही. मेंढरंही नाहीत, गवत पुन्हा वाढायला लागलेलं. पोरं माझ्याकडं न बघता बुटाच्या नाड्या बांधत बसलेली. माझं डोकं फिरलं. इतक्या अडचणीतून ह्या माणसाला ठेवून घेतलं आणि हा सरावाला नाही! तरातरा ओढ्याकडं निघालो. तिथं बाभळीखाली मामा बसला होता, मेंढरं पांगलेली.

"मामा, काही वाटतं का तुम्हाला? मी राहू दे लिहिलं आणि तुम्ही इथं बसलाव?"

"ऱ्हाऊ दे लिवलं म्हणून तर ऱ्हायलो की, सर."

"कुठं राहिला?"

"घरी."

"अहो, राहू दे म्हणजे राहू द्या त्याला!"

"मी बी तेच म्हणायलोय. ऱ्हाऊ द्या त्याला. घरी."

 मग हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी तिथंच बांधावर मटकन बसलो. मामा आधी हसला, अगदी पोट धरून. मग त्याचं हसू थांबलं.

"लेकीला फोन केला मी, सर. सांगितलं, यंदा न्हाई म्हणून. भाऊबीज झाली की जावा, मॅचसाठी थांबू नका."

"काय म्हणाली?"

"काईच न्हाई. गप बसली. तिला गप बसलेली मी कवाच बघितलेली न्हाई."

एवढं ऐकलं. तरी माझं तोंड बघा! म्हणालो, "त्या टेलरला अक्कल नाही."

"त्यानं लिवलेलं वाचलं, सर. त्याचं काय चुकलं?" मामा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं.

म्हणलं, द्या फोन. मामाच्याच फोनवरून सेलूला लावला. तिकडून "हां आबा" असा बारीक आवाज आला. म्हणलं, मी सर बोलतोय, आणि सगळं सांगितलं. मामा किती चांगला खेळतो ते, मार्कांचं, टेलरचं, राहू देचं. ती ऐकत होती.

"सर," ती म्हणाली, "दहावीत तुमी मला वर्गाच्या बाहेर उबं केलं होतं. हजेरीला मी 'हजर' न म्हणता 'हं' म्हणले म्हणून. शब्द साफ बोलत जा, म्हणले होते."

"असेल."

"मग साफ 'घ्या' लिहायला काय झालं होतं?"

"मार्क कमी पडत होते गं."

"कुणाचे?"

मी मामाकडं बघितलं. तो मुद्दाम मेंढरांकडं बघत होता.

"माझे," मी म्हणालो. "चूक माझी हाय."

तिकडून असं खणखणीत हसू आलं की शेजारचं मेंढरू दचकलं. मी सुटलो म्हणून फोन ठेवायला गेलो, तर ती म्हणाली, थांबा, आत्याबाईंना द्यायले, त्यांना सांगा. सासूबाईंना सगळं पहिल्यापासून सांगितलं. मग त्यांनी जावयाला दिला. त्याला पुन्हा. सेलूच्या त्या घरात मी एका फोनवर तीनदा चूक कबूल केली. शेवटी सासूबाई पुन्हा फोनवर आल्या आणि म्हणाल्या, "सर, एवढं म्हणताव तर आमी बी येतो बघायला."

तिथून मामाला घेऊन टेलरकडं गेलो. यादी अजून पाठवायची होती, नशीब. वहीत लाल पेनानं लिहिलं, 'घ्या', आणि खाली दोन रेघा ओढल्या. टेलरच्या भाच्यानं जर्सी लगेच काढून दिली. म्हणाला, मामा, घ्या, मला तर पायरी उतरता येईना. ती मामाला पोटावर बसेना, म्हणून टेलरनं दोन्ही बाजूंनी उसवून पट्ट्या जोडल्या. पट्ट्यांचा रंग जरा वेगळा आला. मामा आरशात बघून म्हणाला, "आमच्या मेंढरातलं पांढरं-काळं दिसायलंय." दुकानभर हशा झाला.

मॅचच्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं सासूबाई दोन शेजारणींना घेऊन उतरल्या. लेक-जावई आधीच आलेले. कुणीतरी शाळेतून खुर्च्या आणल्या. विहीणबाईंनी बसल्या बसल्या विचारलं, "ह्यातले आमचे व्याही कोणते?"

लेकीनं बोट दाखवलं.

"ते तर नुसते उबेच हायत की!"

"बघत ऱ्हावा, आत्याबाई."

समोरची टीम मोठ्या गावची, बूट नवेकोरे, फॉरवर्ड वाऱ्यासारखा. पण तो ज्या बाजूनं यायचा तिथं मामा आधीच जाऊन उभा. एकदा, दोनदा, पाचदा. जावई सुरुवातीला हाताची घडी घालून मागं उभा होता. अर्ध्या वेळेपर्यंत तो रेषेवर येऊन पोचला. अर्ध्या वेळेनंतर विहीणबाई खुर्चीवरून उठून ओरडायला लागल्या, "व्याही, डाव्या अंगाला बघा, डाव्या!" आणि शेजारणी त्यांचा पदर धरून त्यांना खाली बसवायला लागल्या. कप्तानानं गोल मारला तेव्हा मी कुणाला मिठी मारली ते मला आठवत नाही. बायको म्हणते, टेलरला.

मॅच संपायला थोडाच वेळ होता. आमचा बॅक घसरून पडला आणि त्यांचा फॉरवर्ड एकटा सुटला. समोर फक्त गोलकीपर. मामा लांब होता, उभं राहून भागणारं नव्हतं. आणि मग मामा पळाला. बावीस वर्षांत कुणी बघितलं नव्हतं असा पळाला, दात-ओठ खाऊन, पोट हलवत, आणि ऐन वेळी पाय घालून बॉल बाहेर काढला. लगेच शिट्टी झाली. आम्ही एक-शून्यनं जिंकलो होतो. पोरं कप्तानाला उचलायला धावली.

मामा मात्र पडला होता तिथंच होता. पोटरीत गोळा आला होता. मी उठेपर्यंत जावई मैदानात शिरलेला. दिवाळीचे नवे कपडे, तसाच मातीत बसला. मामाचा बूट काढला, पाय मांडीवर घेतला आणि अंगठा मागं दाबून पोटरी चोळायला लागला.

"जावईबापू, पाय सोडा! काय करायलाव हे? लोकं बघायलेत." मामा पाय ओढायला लागला.

उन्हाळ्यात मांडवात ह्याच जावयाचे पाय मामानं पितळी ताटात धुतले होते आणि स्वतःच्या उपरण्यानं पुसले होते. मी पंगतीला होतो, डोळ्यांनी बघितलंय. मुलीच्या बापानं जावयाकडून पाय दाबून घ्यायचे, हे मामाला मेलं तरी जमणार नव्हतं.

"गप पडा, मामंजी," जावई मान खाली घालूनच म्हणाला. "चुकलं माझं. मी हसलो होतो तिला."

लेक येऊन बापाच्या डोक्याशी बसली होती. तिनं त्याच्या कपाळावरची माती पदरानं पुसली आणि म्हणाली, "दाबू द्या, आबा."

मामानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा जावयाकडं. मग त्यानं पाय ओढायचं सोडलं.